फर्स्ट इयरच्या मुलांना स्कॉलरशिप आणि शैक्षणिक कर्ज, आधी काय करायला सांगू?

मेंटॉर_मॅडम:

नमस्कार. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, तालुक्याचं ठिकाण आहे, आणि यंदा फर्स्ट इयरच्या एका बॅचची मेंटॉर आहे. अभ्यासातलं कुणी विचारलं तर सांगता येतं, पण सध्या मुलं येतात ती पैशाचेच प्रश्न घेऊन. महाडीबीटी (राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल), ईबीसी, फ्रीशिप (फी माफी), विद्यालक्ष्मी (शैक्षणिक कर्जाचं पोर्टल), सबसिडी हे सगळे शब्द त्यांच्या कानावर असतात पण त्यातलं कुठलं आपल्याला लागू आणि आधी कुठे जायचं हे घरात कुणालाच माहीत नसतं, कारण बहुतेक घरांतून कॉलेजला आलेलं हे पहिलंच पोर. ऑफिसात गेलं की खिडकीवर रांग, आणि क्लार्कलाही दम नसतो, तो म्हणतो पोर्टलवर बघ.

दोन केसेस सांगते म्हणजे अंदाज येईल. एक मुलगी आहे, ओबीसी, कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) आलीय, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला दोन लाखाच्या आतला. तिला वाटतंय आपल्याला निम्मी फी भरायची आहे आणि तिची आई त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायला निघालीय. दुसरा मुलगा, ओपनमधला, ईडब्ल्यूएसचा दाखला आहे, तोही कॅपमधूनच, घरचं उत्पन्न ३ लाख ६० हजार, कोरडवाहू शेती. त्याला फी, होस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला साधारण एक लाख कमी पडतायत. तो गावाजवळच्या बँकेत गेला तर तोंडीच सांगितलं की कॉलेज आमच्या एरियात नाही, आणि वर वडिलांचं पीककर्ज थकलंय. तेव्हापासून तो म्हणतोय मॅडम मी ॲडमिशन कॅन्सल करतो.

मला एवढंच विचारायचंय की या मुलांना कुठल्या क्रमाने काय करायला सांगू? आणि कर्ज काढ असं सांगताना जीव कचरतो, उद्या नोकरी नाही लागली तर काय, याचंही कुणी खरं खरं सांगा.

फायनल_इयर_मेकॅनिकल:

मॅडम सगळ्यात आधी त्या मुलीच्या आईला आजच फोन करा आणि पतसंस्थेचं कर्ज थांबवा. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, आधी ५० टक्के होती. अट एवढीच की ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलचं चालत नाही, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. तुमची मुलगी पूर्ण बसते. तिला फक्त होस्टेल, मेस आणि कॉलेजची जी इतर किरकोळ फी असते तेवढंच बघायचंय. होस्टेलला नंबर लागला नाही तर ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास) मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्या अटी इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा ऑफिसात जाऊन विचारा.

मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे ज्याला सगळे ईबीसी म्हणतात ती, निम्मी ट्यूशन फी सुटते, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. एका घरातल्या पहिल्या दोनच अपत्यांना मिळते हे विचारून घ्या, भावंडं जास्त असली तर ऐनवेळी घोळ होतो. होस्टेल किंवा बाहेर रूम घेऊन राहणार असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, बरीच मुलं ईबीसी भरली की झालं समजतात आणि हा राहून जातो.

तुमच्या बॅचमध्ये एससी एसटी मुलं असतील तर त्यांचं गणित वेगळं आहे. अडीच लाखाच्या आत उत्पन्न असेल तर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, आणि एससी मुलांचं उत्पन्न त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप. राहण्या-जेवणासाठी एससीला स्वाधार आणि एसटीला स्वयम योजना, पण त्या सरकारी होस्टेलला प्रवेश न मिळालेल्यांसाठी आहेत.

आता महाडीबीटीवर मुलं अडकतात कुठे ते सांगतो, कारण मी आमच्या डिपार्टमेंटच्या ज्युनिअर्सचे फॉर्म बसून भरून घेतो आणि दरवर्षी त्याच तीन-चार ठिकाणी गाडी अडते.

सगळ्यात मोठं म्हणजे बँक खातं. आधार बँकेला लिंक आहे असं प्रत्येकजण सांगतो, पण केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयला (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) खातं जोडलेलं असणं वेगळं. पैसे त्याच खात्यात जातात जे एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे आधार-खात्याच्या नोंदीत, शेवटचं जोडलंय. मुलांचं पाचवी-सहावीत शाळेने काढून दिलेलं झिरो बॅलन्सचं खातं असतं, पासबुक कुठे आहे माहीत नाही, खातं डॉर्मंट झालेलं, आणि आधार तिथेच जोडलेलं. मग फॉर्म मंजूर होतो आणि पैसे एकतर तिकडे जातात नाहीतर परत फिरतात. यूआयडीएआयच्या साइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकला की कुठल्या बँकेत सीडिंग (आधारची ही जोडणी) आहे ते दोन मिनिटांत दिसतं. हे फॉर्म भरायच्या आधी बघायचं. खातं बदलायचं असेल तर नव्या बँकेत डीबीटी सीडिंगचा वेगळा फॉर्म द्या.

दुसरं, लॉगिन. मुलं नेट कॅफेत फॉर्म भरतात आणि कॅफेवाला घाईत स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, पासवर्डही तोच ठेवतो. पुढच्या वर्षी रिन्यूअलला ओटीपी त्याच्या मोबाइलवर आणि तो दुकान बंद करून गेलेला. मुलांना त्यांच्याच नंबरवरून लॉगिन करायला लावा आणि युजर आयडी वहीत लिहून ठेवायला सांगा. मोबाइल आधारला लिंक पाहिजे हे तर आहेच.

तिसरं, फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून पुढे जिल्ह्याला किंवा संचालनालयाला. काही कमी असेल तर सेंड बॅक होतो आणि तो दुरुस्त करून परत पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो, कुणी घरी पत्र पाठवत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघायची सवय लावा. आणि दरवर्षी रिन्यूअल करावंच लागतं.

उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा असेल तर ३१ मार्चपर्यंतच चालतो, मुलं गेल्या वर्षीचा घेऊन येतात. तहसीलदाराचा लागतो, नुसता तलाठ्याचा नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:

वरच्या मुलाने स्कॉलरशिपचं फार नीट सांगितलंय, शाब्बास. मी कर्जाचं सांगतो, सरकारी बँकेच्या शाखेत आयुष्य गेलंय आणि शैक्षणिक कर्ज हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

मॅडम क्रम हाच बरोबर, आधी जे फुकट आहे ते पूर्ण पदरात पाडायचं, मग जेवढं उरेल तेवढंच कर्ज. पण एक लक्षात घ्या, स्कॉलरशिपचे पैसे उशिरा येतात आणि होस्टेलवाला थांबत नाही, म्हणून कर्जाचा अर्ज स्कॉलरशिपची वाट बघत लांबवू नका. दोन्ही बरोबरच सुरू करा. मंजुरी चारही वर्षांची एकदम घ्या आणि उचल लागेल तशी करा. व्याज मंजूर रकमेवर नसतं, उचललेल्या रकमेवर असतं, ही साधी गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही आणि चार लाखाचं मंजुरीपत्र बघून आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो.

तुमच्या मुलाला वर्षाला एक लाख म्हणजे चार वर्षांचे चार लाख. इंडियन बँक्स असोसिएशनची मॉडेल शैक्षणिक कर्ज योजना आहे, बहुतेक बँका तीच पाळतात. त्यात चार लाखापर्यंत तारण नाही, तिसरा जामीनदार नाही, मार्जिनही (आपण स्वतः घालायचा वाटा) शून्य, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. साडेसात लाखापर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारचा क्रेडिट गॅरंटी फंड २०१५ पासून आहे, त्या गॅरंटीखालच्या कर्जाला बँकेने तारण मागायचंच नाही. साडेसातच्या वर गेलं की मात्र घर-जमीन आली. त्यामुळे एखादा बँकवाला चार लाखाला सातबारा मागत असेल तर त्याला शांतपणे विचारायचं की साहेब हे कुठल्या परिपत्रकात आहे.

कर्जात काय काय बसतं हेही बघा. ट्यूशन, परीक्षा, लायब्ररी, लॅब, होस्टेल, पुस्तकं, कोर्सला लागणारा लॅपटॉप, प्रोजेक्ट, हे सगळं बसतं. होस्टेल मिळालं नाही तर बाहेर राहण्या-जेवणाचा वाजवी खर्चही धरता येतो, पण अर्जात आधी लिहिलेला पाहिजे. कॉलेजकडून लेटरहेडवर चारही वर्षांचं फी स्ट्रक्चर आणि होस्टेल-मेसचा अंदाज वेगळा मागून घ्या, हे काम तुम्ही मेंटॉर म्हणून ऑफिसातून चटकन करून देऊ शकता. निम्मी फी सुटणार आहे तेही अर्जात लिहा, बँक तेवढी रक्कम वजा करून गरज काढते.

आता "आमच्या एरियात नाही". शैक्षणिक कर्जाला सर्व्हिस एरियाचं कारण देऊन अर्ज नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलंय. पण तोंडी नकाराला तोंडीच उत्तर देऊन उपयोग नाही. मुलाला सांगा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून कर. पोर्टलवर भरला की अर्जाला नंबर पडतो, तारीख पडते, आणि मग शाखेला तो मंजूर किंवा नामंजूर करावा लागतो. नामंजूर करायचा तर वरिष्ठ कार्यालयाची संमती आणि लेखी कारण लागतं. काउंटरवर "नाही होत" म्हणणं सोपं आहे, तेच लिहून सही करून देणं अवघड आहे. मी पाहिलंय, नंबर असलेला अर्ज आला की शाखेतलं वातावरणच बदलतं.

वडिलांच्या थकबाकीचं खरं सांगतो, ती अडचण खरी आहे, खोटा दिलासा देणार नाही. सहकर्जदाराचं खातं एनपीए (थकीत) असेल तर शाखा कच खाते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय की केवळ सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, कारण परतफेड मुलगा पुढे करणार असतो. हा निकाल अर्जाला जोडता येतो पण शाखा ऐकेलच असं नाही. व्यवहाराचा मार्ग म्हणजे आईला सहकर्जदार करा, तिच्या नावावर कर्ज नसेल तर प्रश्नच मिटतो. नाहीतर पीककर्ज ज्या बँकेचं आहे तिथेच जाऊन नूतनीकरण होतंय का बघा, बऱ्याचदा फक्त व्याज भरून खातं नियमित होऊ शकतं.

३० दिवसांत बँकेने तक्रारीला उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. मात्र आधी बँकेकडेच लेखी तक्रार झालेली हवी, आणि कर्ज द्यायचं की नाही हा जो बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो त्यात लोकपाल पडत नाही. अर्जच घेतला नाही, कारण दिलं नाही, नियम डावलला, असं असेल तर मात्र नक्की जा.

प्रश्न_पडलेला_बाप:

काका एक शंका. पीएम-विद्यालक्ष्मी म्हणून नवीन योजना आलीय ना, आमच्या इथे मेसेज फिरतोय की सगळ्यांना दहा लाखापर्यंत तीन टक्के व्याज माफ. मग मॅडमच्या मुलाने तीच का घेऊ नये? माझा मुलगाही पुढच्या वर्षी बारावी होईल म्हणून विचारतोय.

निवृत्त_शाखाधिकारी:

सगळ्यांना नाही हो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली योजना आहे. ती ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी आहे, एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमधल्या पहिल्या शंभरातल्या, राज्य सरकारच्या १०१ ते २०० क्रमांकातल्या आणि केंद्र सरकारच्या संस्था. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या. कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर आधी बघायचं. यादीत असेल आणि प्रवेश गुणवत्तेवर झालेला असेल तर तारण नाही, जामीनदार नाही.

तीन टक्के व्याज सवलत हा त्यातला वेगळा भाग. घरचं उत्पन्न आठ लाखापर्यंत, दहा लाखापर्यंतच्या कर्जाला, फक्त मोरेटोरियमच्या, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीच्या, काळात, आणि वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. आणि मेसेजमध्ये जी अट कुणी लिहीत नाही ती ही, की दुसरी कुठली सरकारी स्कॉलरशिप किंवा व्याज सवलत घेणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. म्हणजे निम्मी फी माफ होतेय तिच्यावर पाणी सोडून तीन टक्क्यांच्या मागे लागायचं का हे वहीत मांडून बघायचं. चार लाखाच्या कर्जावर तीन टक्के म्हणजे पूर्ण उचल झाल्यावर वर्षाला बारा हजार. फी माफी त्याहून कितीतरी मोठी असते.

मॅडमच्या मुलाने बघायची ती योजना वेगळी, सीएसआयएस, केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना. घरचं उत्पन्न साडेचार लाखापर्यंत, तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स, कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन, आणि कर्ज मॉडेल योजनेखाली शेड्यूल्ड बँकेतून घेतलेलं. मग कोर्सचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. आयुष्यात एकदाच मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तरला. मध्येच कोर्स सोडला तर जाते, आजारपणाचं कारण सोडून. निम्म्या फीच्या माफीबरोबर ही लागू होते का, हे मंजुरीच्या वेळीच शाखेकडून लेखी घ्या. पतसंस्थेच्या कर्जाला यातलं काही नाही, ना अनुदान ना पुढे इन्कम टॅक्समधली ८०ई कलमाची व्याजाची वजावट.

आकडे बघा म्हणजे कळेल. समजा नऊ टक्के दर धरला. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचल. पहिल्या लाखाला हप्ते सुरू होईपर्यंत पाच वर्षं, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, चौथ्याला दोन. या काळात व्याज सरळ असतं, चक्रवाढ नाही. तरी सगळं मिळून १ लाख २६ हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर चार नाही, ५ लाख २६ हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण ६,६६० रुपये. तेच व्याज सरकारने भरलं तर मुद्दल चारच लाख राहतं आणि हप्ता ५,०७० च्या आसपास. दहा वर्षांत १ लाख ९० हजारांचा फरक पडतो आणि तो तहसीलदाराच्या एका दाखल्यावर आणि शाखेने वेळेवर केलेल्या क्लेमवर अवलंबून आहे.

क्लेम शाखा करते, नोडल बँक कॅनरा बँक आहे. म्हणून मंजुरीच्या वेळीच दाखला देऊन पोच घ्या आणि दरवर्षी कर्जखात्याचं स्टेटमेंट काढून अनुदान जमा झालंय का ते बघा. नसेल तर त्याच वर्षी शाखेला लेखी विचारा, चार वर्षांनी विचारलं तर कुणी फाइल उघडत नाही.

अनुदानात बसत नसेल त्या मुलाने जमेल तसं व्याज भरत राहावं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला ७५० रुपये येतात, दुसऱ्या वर्षी १,५००. शिक्षण चालू असताना व्याज भरत गेलं तर काही बँका दरात एक टक्का सूटही देतात, तेही विचारा.

हप्तेवाली:

मॅडम तुम्ही जे विचारलंत ना, नोकरी नाही लागली तर काय, त्यावर मी बोलू शकते कारण माझं तेच झालं. घरात माझ्या नावाने कर्ज, वडील रोजंदारीवर, आणि डिग्री हातात आली तेव्हा कॅम्पसला भरतीच नव्हती. हप्ता सुरू व्हायची तारीख जवळ आली तशी मला रात्री झोप लागायची नाही. वाटायचं आता बँकवाले घरी येणार.

माझ्या मैत्रिणीचे वडील बँकेत होते, ते म्हणाले लपू नकोस, तारखेच्या आधी जाऊन भेट. मी गेले, अर्ज लिहून दिला की नोकरी शोधतेय, मुलाखतींची पत्रं जोडली. मला मुदत वाढवून मिळाली. तेव्हा कळलं की मॉडेल योजनेतच हे लिहिलंय, बेरोजगारीच्या काळासाठी कर्जाच्या पूर्ण मुदतीत दोन-तीन वेळा मोरेटोरियम देता येतो. केटी लागून कोर्स लांबला तर दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते, आणि सुरुवातीला लहान हप्ता मग पगार वाढेल तसा मोठा, असंही मागता येतं, पण ते मंजुरीच्या वेळीच सांगायचं असतं. व्याज मात्र थांबत नाही हे खरं, मुदत वाढवली की एकूण जास्तच जातं.

पण सगळ्यात महत्त्वाचं, हप्ता चुकायच्या आधी जायचं. चुकल्यावर गेलं की तुम्ही थकबाकीदार म्हणून जाता, आधी गेलं की ग्राहक म्हणून. ९० दिवस थकलं की खातं एनपीए आणि मग सिबिल बिघडतं, मुलीचंही आणि वडिलांचंही, मग धाकट्या भावाच्या वेळी तेच आडवं येतं. तुमच्या मुलांना आत्ताच सांगून ठेवा, पत्ता आणि मोबाइल नंबर बदलला की बँकेत कळवायचा. मुलं नोकरीसाठी पुण्याला जातात, सिम बदलतात, बँकेची पत्रं गावी येतात आणि आई-वडील घाबरून दडवून ठेवतात.

आता मी हप्ते भरते. पगार सुरू झाल्यावर ८०ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, मुद्दलाची नाही, आणि जुनी करप्रणाली घेतली तरच. कर्ज नसतं तर मी बारावीनंतर घरीच बसले असते हेही तितकंच खरं आहे.

मेंटॉर_मॅडम:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या आईशी बोलले, त्यांनी पतसंस्थेत फक्त फॉर्म आणला होता, भरला नव्हता. तिचं सीडिंग बघितलं तर खरंच शाळेतल्या जुन्या खात्याला निघालं, उद्या ती नवीन बँकेत फॉर्म देतेय.

मुलाची आई सहकर्जदार व्हायला तयार आहे, तिच्या नावावर काही कर्ज नाही. आमच्या ब्रांचला एनबीए आहे हे मी ऑफिसातून खात्री करून घेतलं. आता एक अडचण, ऑफिस म्हणतंय स्कॉलरशिप येईपर्यंत पूर्ण फी भरा, आली की परत देऊ. दोघांनाही तेच सांगितलंय. मी याच कॉलेजची नोकर, भांडू कशी?

फायनल_इयर_मेकॅनिकल:

भांडू नका मॅडम, कागद दाखवा. पात्र विद्यार्थ्यांकडून योजनेतली फी प्रवेशाच्या वेळी आगाऊ घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. ईबीसीवाल्याकडून निम्मी, आणि त्या मुलीकडून ट्यूशन नाहीच. मुलांनी महाडीबीटीच्या अर्जाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्यायचा आणि इनवर्डला नंबर घ्यायचा. अर्ज मुलांचा, तुम्ही फक्त मेंटॉर म्हणून शिफारस लिहा. तरी नाही ऐकलं तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात मुलांनी लेखी कळवायचं. महाडीबीटीवर तक्रारीचा टॅब पण आहे. एकट्या मुलाने न जाता बॅचमधल्या सगळ्या पात्र मुलांनी एकत्र अर्ज द्यावा, मग कुणा एकावर राग निघत नाही.

पण मॅडम दुसरी बाजूही मुलांना सांगा. काही योजनांत फीचे पैसे मुलाच्या खात्यात येतात आणि ते त्याने कॉलेजला भरायचे असतात. काही जण मोबाइल घेतात आणि मग ऑफिसचा सगळ्याच मुलांवरचा विश्वास उडतो.

निवृत्त_शाखाधिकारी:

कर्जाची रक्कम बँक थेट कॉलेजच्या खात्यात टाकते, म्हणून ऑफिसकडून मुलाचं डिमांड लेटर (फी मागणीचं पत्र) निम्म्या फीचंच घ्या. पूर्ण फीचं दिलं तर बँक पूर्ण पाठवेल, मग स्कॉलरशिप आल्यावर परतावा मागत फिरा आणि तोवर व्याज चालू. पूर्ण भरावीच लागली तर परताव्याचे पैसे थेट कर्जखात्यात जमा करायचे, मुदतीआधी भरले म्हणून दंड लागत नाही.

मुलाला फाइल करायला सांगा. कॅपचं अलॉटमेंट लेटर, बोनाफाइड, फी स्ट्रक्चर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस, दोघांचं आधार-पॅन, आईचं सहा महिन्यांचं पासबुक. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. पोर्टलवर अर्ज केल्यावर हीच फाइल घेऊन आईसोबत शाखेत जायचं, आणि शक्यतो सकाळी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नाही कारण तेव्हा पेन्शनची गर्दी असते. शाखेने काही मागितलं तर ते अर्जाच्या नंबरसह लिहून द्या म्हणायचं. अडलं तर इथे टाका, मी बघतोय.

मेंटॉर_मॅडम:

पोर्टलवरचा फॉर्म आज संध्याकाळी लॅबमध्ये बसून भरतोय, आईला फोनवर घेऊन. ॲडमिशन कॅन्सलचा अर्ज त्याने माझ्याकडे दिला होता तो परत नेला. बाकीच्या मुलांसाठी शनिवारी दुपारी सीडिंग तपासायला आणि लॉगिन करायला लॅब उघडी ठेवतेय. फायनल इयरवाल्या दादा, तुमच्या कॉलेजात ज्युनिअर्ससाठी काही लिहून ठेवलेलं असेल तर इथे टाकाल का?

फायनल_इयर_मेकॅनिकल:

टाकतो मॅडम, पण मुदतीच्या तारखा त्यातून काढून टाकतो, त्या दरवर्षी बदलतात आणि पोर्टलच्या होमपेजवरच बघायच्या. शनिवारी मुलांना आधारला लिंक असलेला मोबाइल सोबत आणायला नक्की सांगा, बऱ्याच जणांचा नंबर वडिलांच्या फोनमध्ये असतो आणि फोन गावी.